पाऊल मोडलं : प्लास्टर, बूट की थेट स्क्रू? (नागपूर)

प्रतापनगरकर
नमस्कार मंडळी.
आई (वय ६३, मधुमेह आहे, गोळ्या चालू) पावसात पोर्चच्या पायरीवरून घसरली. डावा पाय आत मुरगळला. पावलाच्या बाहेरच्या कडेला सूज आणि जांभळं. फोटो काढला तर करंगळीच्या रेषेतलं लांब हाड, म्हणजे पाचवं मेटाटार्सल, मागच्या टोकाकडे मोडलेलं.
इथवर ठीक. पुढे ऐका. धंतोलीतल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घालून सांगितलं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. रामदासपेठेत दुसरं मत घेतलं, ते म्हणाले प्लास्टर कशाला, बूट घाला आणि झेपेल तसं चालू द्या. अकोल्याच्या मामाने तोच फोटो व्हॉट्सॲपवर त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला, तिकडून उत्तर आलं : स्क्रू टाकून मोकळे व्हा.
हाड एक, फोटो एक, उपचार तीन. माझं मत विचाराल तर यातला एक जण बरोबर आणि बाकीचे दोघे धंदा करताहेत. कोणाच्या घरी पाऊल मोडलं असेल तर काय केलंत आणि निर्णय कशावरून घेतलात ते सांगा. आई सध्या पलंगावर पाय उंच ठेवून सगळ्या घरावर देखरेख करते आहे.

शंकेखोर
मामाचं ऐकू नका. कोणाच्याच मामाचं, कोणत्याच विषयात.

कडीपत्ता
काकूंना लवकर बरं वाटो.
माझी पायाची करंगळी सोफ्याच्या पायाला आपटून मोडली होती. प्लास्टर नाही, काही नाही. मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं, मधे कापसाची घडी, आणि पुढून मोकळा, तळ कडक असा जोडा. महिनाभरात विसरले. बोट वाकडं दिसत असेल, नख उखडलं असेल किंवा अंगठाच मोडला असेल तर मात्र दाखवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. अंगठा चालताना बराच भार घेतो म्हणून.

आजीचा_बटवा
हाडजोडीची वेल माहीत नाही का कोणाला? चौकोनी कांड्यांची असते. आमच्याकडे भंडाऱ्याला तिची भजी करून खाऊ घालतात. शिवाय हाड बसवणारे वैदू आहेत. पूर्वी कुठे होते फोटो आणि स्क्रू? तरी लोक चालतच होते ना?

शंकेखोर
चालत होते. लंगडत.

अस्थिपंजर
हाडांचा डॉक्टर आहे, शिक्षण आपल्या 'मेडिकल'लाच, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. फोटो न बघता, पाऊल न तपासता उपचार सांगणार नाही. पण तिघांपैकी दोघं धंदा करताहेत हा निष्कर्ष घाईचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचव्या मेटाटार्सलच्या मागच्या टोकाला तीन जागा असतात. फोटोत त्या जेमतेम बोटभर अंतरात येतात.

अगदी टोकाला एक उंचवटा आहे. पाय आत मुरगळला की त्याला चिकटलेले पट्टे उंचवट्याचा तुकडा ओढून काढतात. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे तुकडा फार सरकला नसेल तर कडक तळाचा जोडा किंवा बूट घालून झेपेल तसं चालू देतात. सहा-आठ आठवड्यांत माणूस बऱ्यापैकी कामाला लागतो.

त्याच्या किंचित पुढे, चौथं आणि पाचवं मेटाटार्सल एकमेकांना जिथे टेकतात त्या पातळीवर मोडलं, तर ते जोन्स फ्रॅक्चर. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये ते लिहून ठेवलं, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या पायाची केस होती. नाचताना मोडला होता. या जागेत रक्त दोन बाजूंनी येतं आणि दोन्हीकडून तोकडं पडतं, म्हणून हाड सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही. इथे पाय न टेकवता सहा-आठ आठवडे प्लास्टर, किंवा हाडाच्या पोकळीतून लांब स्क्रू. खेळाडूंना स्क्रू लवकर सुचवतात, कारण त्यांना मैदानात परतायचं असतं आणि स्क्रूने न जुळण्याचा धोका कमी होतो.

त्याहून पुढे, दांड्यावर, सततच्या ताणाने पडलेली चीर असते. ती सगळ्यात हट्टी.

आता बघा, एकाने रेष पहिल्या जागेत वाचली, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि मामांच्या डॉक्टरांनी वय न विचारता स्क्रू सांगितला, तर तिन्ही उत्तरं प्रामाणिकपणे येऊ शकतात. त्यामुळे 'प्लास्टर की बूट' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा : रेष नेमकी कुठे आहे, सांध्यात जाते का, तुकडा किती सरकलाय. तिरका फोटो काढलाय का तेही बघा, समोरून काढलेल्यात ही जागा नीट कळत नाही.

आणि मधुमेह आहे म्हणून एक सांगायचं राहिलं. तळव्याची संवेदना तपासली का? नायलॉनचा बारीक तंतू टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी असेल तर प्लास्टरच्या आत जखम झाली तरी कळत नाही, आणि हाड जुळायलाही वेळ लागतो.

प्रतापनगरकर
डॉक्टरसाहेब, आभार. तिरका फोटो आहे की नाही ते बघतो. तंतूची तपासणी दोघांनीही केलेली नाही. मामांच्या डॉक्टरांनी वयही विचारलं नव्हतं, हे खरं.

वऱ्हाडी_ठेचा
आता माह्या साळ्याचं आयका राजेहो. एप्रिलात कूलरची ताटी बदलाले शिडीवर चढला. पाणी सांडलेलं, शिडी सरकली, अन् हा गडी उभाच्या उभा खाली. दोन्ही टाचांवर. पडल्यावर म्हणते काई नाई झालं, चाय आणा. अर्ध्या तासात पाय असे सुजले का चपलेत जाईना.
दवाखान्यात नेलं तं डॉक्टरनं पायाच्या आधी पाठीचा फोटो काढाले सांगतला. म्या म्हणलं साहेब, पडला पायावर, पाठ काऊन? ते म्हणे उंचावरून टाचेवर पडलेल्या माणसाचा मणका दबू शकते, पायाच्या दुखण्यात तो लपून जाते. पाठ ठीक निघाली, पण उजव्या टाचेचं हाड चपटं झालेलं. मंग सीटी स्कॅन.
ऑपरेशन ठरलं, पण लगेच नाई. सूज उतराची वाट पाहा म्हणे. रोज येऊन चामडी दाबून पाहात. चामडीवर सुरकुत्या दिसल्या का मंगच चिरा देता येते, नाई तं जखम उसवते. मधात फोडं बी आले होते पायावर. दोनक आठवडे नुसते पाय उशीवर.
अन् खरी गंमत पुढं. डॉक्टरनं इचारलं, खर्रा खाता का? साळा म्हणे नाई. अन् खिशातून पन्नी बाहेर डोकावून राहिली! डॉक्टर म्हणे हे बंद झाल्याशिवाय मी प्लेट बसवत नाई. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, टाचेवरची जखम काळी पडते, हाड बी जुळत नाई. बायकोनं दहा वर्षं सांगून जे झालं नाई ते त्या एका वाक्यानं झालं.

शंकेखोर
खर्रा सुटला? नागपुरात? मग हा धागा वैद्यकीय चमत्कारांत हलवा.

वऱ्हाडी_ठेचा
सुटला म्हणलं, कायमचा सुटला असं कुठं म्हणलं बे.

लक्ष्मीनगर_लेले
ठेचाभाऊ, माझ्या दिरांची टाच अशीच मोडली होती (बांधकामाच्या पायाडावरून पडले), पण त्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलंच नाही. पट्टी, पाय उंच, घोटा लवकर हलवायला लावला आणि जवळजवळ तीन महिने भार नाही. आज ते हिंडतात-फिरतात, फक्त उंचसखल जमिनीवर टाच बोलते. तुमच्याकडे प्लेट, आमच्याकडे काही नाही. पुन्हा तोच प्रश्न!

अस्थिपंजर
टाचेबाबत तर आमच्या जमातीतही जोरदार वाद आहेत. सांध्याचा पृष्ठभाग सरकलेल्या टाचांवर ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांची चाचणी झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना नाही. दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं यात फरक आढळला नाही, गुंतागुंत मात्र ऑपरेशनवाल्यांत जास्त. पण टाच फारच वेडीवाकडी झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते, आणि हे वाक्य सोयीने विसरलं जातं. तंबाखू, मधुमेह, कामाचं स्वरूप, तुकडा किती सरकलाय, सगळं धरून ठरवावं लागतं. ठेचांच्या साळ्याची टाच चपटी झाली होती म्हणजे तिथे प्लेटचा विचार होणं स्वाभाविक आहे. लेलेताईंच्या दिरांचा फोटो मी पाहिलेला नाही.

फुटाळा_फेरी
माझा अनुभव वेगळा, कारण मी पडलोच नाही. मॅरेथॉनच्या नादात अंतर एकदम वाढवलं. फुटाळा ते अंबाझरी आणि परत, वर रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे एका बिंदूवर दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं. फोटो काढला, नॉर्मल. मग मी धावतच राहिलो की! तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तर हाडाभोवती नवीन हाडाचा ढगासारखा पट्टा. ताणाने पडलेली चीर सुरुवातीच्या फोटोत दिसत नाही म्हणे, एमआरआयमध्ये दिसते.
उपचार काय, तर कडक तळाचा बूट आणि धावणं बंद. पोहायला परवानगी. ड जीवनसत्त्व तपासलं, ते तळाला गेलेलं. नागपुरात! जिथे मे महिन्यात डांबर वितळतं!

अस्थिपंजर
उन्हाळ्यात आपण ऊन दिसलं की पळतो, त्यामुळे नवल नाही. तुमच्या दुखण्याला लष्करी पूर्वज आहेत. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने संचलनानंतर पाय सुजणाऱ्या शिपायांबद्दल लिहिलं. क्ष-किरणांचा शोध १८९५चा, म्हणजे हाडात चीर आहे हे कळायला पुढची चाळीसेक वर्षं जावी लागली.

आजीचा_बटवा
हाडजोडीबद्दल कोणी बोललं नाही. मोठी मोठी नावं घेतली की झालं.

फिजिओ_मानेवाडा
बटवाताई, मी बोलते. भजी खाऊ द्या, फक्त काकूंना मधुमेहाच्या गोळ्या आहेत म्हणून काढे आणि चूर्णं डॉक्टरांना विचारून. माझा आक्षेप वैदूंच्या मालिशीला आहे. न सरकलेलं हाड मालिशीने सरकलेलं मी पाहिलंय. बांबूच्या पट्ट्या इतक्या आवळलेल्या की बोटं काळी-निळी, तेही पाहिलंय. हे प्लास्टरलाही लागू आहे बरं. प्लास्टर घातल्यावर बोटं गार पडली, बधिर झाली, निळसर दिसली किंवा पाय उंच ठेवून, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला का होईना, जाऊन सैल करून घ्यायचं. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर तेही तातडीचं, रक्ताची गुठळी असू शकते.

प्रतापनगरकर, काकूंसाठी : वॉकर घ्या, कुबड्या नकोत. साठीनंतर एका पायावर कुबड्या सांभाळणं अवघड जातं आणि दुसरं हाड मोडतं. वॉकरची उंची अशी की उभं राहून हात सोडल्यावर मूठ मनगटाच्या पातळीला यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पाय अजिबात टेकवायचा नसेल तर पायऱ्या टाळाच, खालच्या खोलीत मुक्काम हलवा. न्हाणीघरात पाटावर बसवू नका, उठता येत नाही. प्लास्टिकची खुर्ची ठेवा, तिच्या पायांना रबर असू द्या.

मेट्रोवाली
इतके दिवस नुसती वाचते आहे, आज लिहितेच. कारण 'मुरगळलंय, बर्फ लावा' हे वाक्य मला फार महाग पडलं.

वर्धा रोडवर सिग्नलला उभी असताना स्कूटर कलंडली. पाऊल तिच्याखाली अडकून पिळवटलं. ज्या दवाखान्यात गेले (नाव लिहिणार नाही) तिथे झोपवून फोटो काढला, हाड ठीक आहे म्हणाले, क्रेप बँडेज बांधून घरी. दोन दिवसांनी आईने पाय पुसताना तळवा बघितला. मधोमध, कमानीत, पेरूएवढा जांभळा डाग. पायाच्या वर लागलं असताना तळव्याला जांभळं का, हा प्रश्न आईला पडला, मला नाही. तिने मला हट्टाने दुसरीकडे नेलं. त्या डॉक्टरांनी तळवा बघितला आणि लगेच म्हणाले, उभं राहून दोन्ही पायांचा फोटो काढू. उभं राहणं म्हणजे जीव गेला. पण त्या फोटोत पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडाच्या मुळाशी फट दिसली, चांगल्या पायात नव्हती. लिस्फ्रँक इजा. झोपून काढलेल्या फोटोत ती हाडं आपापल्या जागी बसलेली दिसतात, भार पडला की फाकतात.

ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, मग कित्येक आठवडे पाय वर. खापरी-बर्डी मेट्रोने ऑफिसला जायचे, ती मेट्रो खिडकीतून बघत बसले. अजूनही दिवसभर उभी राहिले की संध्याकाळी पाऊल सुजतं. डॉक्टर म्हणाले सहा महिने-वर्ष सूज येत-जात राहते.

कडीपत्ता
बाप रे. तळव्याचा डाग हे मी आजवर ऐकलं नव्हतं. आत्ता उठून स्वतःचे तळवे बघितले.

अस्थिपंजर
मेट्रोवाली, तुमच्या आईंना माझा दंडवत. पावलाच्या मध्यभागी मार लागला, भार देता येत नाही आणि तळवा जांभळा, तर फोटो 'नॉर्मल' आला तरी लिस्फ्रँक नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहेच असं धरायचं. उभं राहून फोटो, नाहीच जमलं तर सीटी. लिस्फ्रँक हे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सर्जन. ते या सांध्यातून पाऊल कापत असत. आपण स्क्रू टाकतो.

शंकेखोर
रॉबर्ट जोन्स नाचले, लिस्फ्रँकने कापले, ब्राइटहाउप्टने चालवले. पायाचं हाड मोडायला युरोपात जावं लागत नाही, प्रतापनगरचा पोर्च पुरतो, एवढंच म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा
खर्च कोणी बोललंच नाई. साळ्याचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं. दवाखान्यात आरोग्यमित्र बसते, रेशन कार्ड अन् आधार घेऊन त्याले आधी भेटा, भरती व्हायच्या आधी. कोणतं ऑपरेशन बसते, कोणतं नाई, तोच सांगते. मेडिकलले बी होते सगळं, गर्दी असते पण हात बसलेले लोक आहेत तिथं.

लक्ष्मीनगर_लेले
अवांतर : पाय मोडल्यावर भेटायला येणाऱ्यांवर वेगळा धागा हवा. दिरांकडे रोज सात-आठ जण, प्रत्येकाकडे एक मोडलेल्या पायाची गोष्ट, आणि सगळ्या गोष्टींचा शेवट वाईट. वर त्यांच्यासाठी तर्रीपोहे आम्हीच करायचे.

फुटाळा_फेरी
तर्रीपोह्यांसाठी मी यायला तयार आहे. माझी गोष्ट छोटी आहे.

प्रतापनगरकर
अपडेट देतो. तिरका फोटो काढलेलाच नव्हता. काढला. धंतोलीतल्याच डॉक्टरांकडे गेलो आणि इथले तिन्ही प्रश्न विचारले. त्यांनी संगणकावर फोटो मोठा करून पेनाच्या टोकाने दाखवलं : चीर उंचवट्याच्या बुडाशी सुरू होते आणि तिरकी जात चौथ्या-पाचव्या हाडाच्या सांध्यात निघते. म्हणजे जोन्सची जागा, पण अगदी सीमेवर. सरकलेली नाही. समोरून काढलेल्या फोटोत ती टोकाचीच वाटते, म्हणून रामदासपेठवाल्यांचं मत तसं असणार, असं तेच म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांबद्दल एक शब्द वाकडा नाही. धंद्याबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो.

तंतूची तपासणीही केली. दोन्ही तळव्यांना अंगठ्याखाली आईला टोचलेलं कळलंच नाही. ती म्हणाली, 'टोचा ना आता, वाट बघतेय', आणि डॉक्टर टोचून मोकळे झाले होते. त्यामुळे बेत बदलला. बंद प्लास्टर नाही, काढता येणारा बूट, म्हणजे रोज पाय उघडून तळवा, टाच, बोटांमधली जागा बघता येईल. पाय सध्या टेकवायचा नाही. सहा आठवड्यांनी फोटो, मग भार थोडा थोडा. स्क्रू नाही; जुळलं नाहीच तर तेव्हा बघू. साखरेचे तीन महिन्यांचे आकडे मागवलेत. मामाला कळवलं, तो रुसलाय.

आता दोन अडचणी. एक, बूट काढता येतो म्हटल्यावर आई तो काढून स्वयंपाकघरात जाऊ बघते. दोन, वॉकर विकत घ्यावा की भाड्याने मिळतो?

अस्थिपंजर
चांगला निर्णय. पाय रोज बघायचा, हे नुसतं काकूंवर सोडू नका, तळवा स्वतःचा स्वतःला दिसत नाही. आणि नंतर कधीही पाऊल लाल, गरम, सुजलेलं दिसलं, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी दाखवा. संवेदना गेलेल्या पायात हाडं गुपचूप ढासळू शकतात.

फिजिओ_मानेवाडा
मेडिकल चौकाकडे सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, भाड्याचं विचारा. पण वॉकर काही फार महाग नसतो, विकत घेतलात तरी चालेल, सोसायटीत पुढे कोणाला तरी लागतोच. घडीचा घ्या, चाकांचा नको. खालची रबरं झिजलेली नाहीत ना ते उलटा करून बघा. स्वयंपाकघराचं म्हणाल तर काकूंना ओट्याशी उंच स्टूल देऊ नका, डायनिंग टेबलावर पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवून भाजी निवडू द्या.

प्रतापनगरकर
भाजी निवडून झाली. आता ती विचारतेय, पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीला महाल भागात नेशील का, व्हीलचेअरवर.

वऱ्हाडी_ठेचा
मारबतीच्या गर्दीत व्हीलचेअर? भाऊ, तिथं धड माणूस उभा राहत नाई. टीव्हीवर दाखवतात, घरीच बसवा काकूले. अन् मामाले बी बोलवून घ्या, रुसवा जाईल.

शंकेखोर
मामा आले तर फोटो लपवून ठेवा.